कुंकू लावलेली दुनळी

नातीचं बारसं जर्मनीत नेकारसुल्मला झालं, ते २००९ साल. व्हिसा वाढवायला कचेरीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक मराठी जोडपं कुजबुजत होतं.

"कपाटातल्या बंदुकीला कुंकू कुणी लावलं?"

"मी. दसऱ्याला शस्त्रपूजा नको?"

"अगं, त्या कपाटाची किल्ली माझ्याशिवाय कुणाला मिळता कामा नये! तपासणीला आलेल्या बाईंनी कुंकू पाहिलं. आता परवाना जाईल."

"जाऊ दे. स्वस्त, दणकट दुनळी म्हणून आणलीत. एक ससा तरी मारलात?"

"आत विचारलं तर सांगेन, कुंकू मीच लावलं."

"तुम्ही? देवापुढे उदबत्ती लावायला उठत नाही!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण ते इथे कुणाला माहीत आहे?"

परवाना वाचला. पुढे त्या जोडप्याशी ओळख झाल्यावर मालिनीबाईंनी सांगितलं, की त्या तपासणीच्या बाई दर दसऱ्याला पूजा बघायला येत, आणि ती दिनकररावांनाच करावी लागे. दिनकरराव २०१३च्या मार्चमध्ये वारले.