चाळीस सेकंदांची ती क्लिप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्राचार्य आणि संस्थेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या ग्रंथालयातले काका, आवर्जून आलेल्या काकू, सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

एकतीस वर्षं काकांनी या कॉलेजात पुस्तकं दिली-घेतली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. उपप्राचार्या म्हणून मीही दोन गोड शब्द बोलून खाली बसले असते. पण काका उद्यापासून येणार नाहीत, आणि एक गोष्ट त्यांच्यादेखतच सांगायला हवी.

गेल्या वर्षी याच सभागृहात वक्तृत्व स्पर्धा झाली. पहिल्या वर्षातली एक मुलगी बोलायला उभी राहिली. लहानपणी ती अडखळायची. मोठ्या कष्टानं तिनं ते घालवलं होतं. त्या दिवशी 'माझं' या शब्दावर तिची जीभ अडकली. मा, मा, मा... कुणीतरी ते टिपलं, त्याला ठेका जोडला, आणि चाळीस सेकंदांची क्लिप संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोहोचली. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, ती दिसली की पोरं बाकावर ठेका धरायची. हात वर करायला सांगत नाही. ज्यानं त्यानं मनातल्या मनात आठवावं.

मुलगी वर्गात बसेना. काकांनी तिला ग्रंथालयामागच्या बांधणीच्या खोलीत खुर्ची दिली. तिथं ती फाटकी पुस्तकं चिकटवत बसायची.

एकदा तिनं विचारलं, "काका, तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते काही मला सापडलं नाही, बाळ."

मग काका वर्गावर्गात गेले. हात जोडून म्हणाले, "पुसून टाका रे पोरांनो." एक जण म्हणाला, "काका, आता आमच्या हातात काय राहिलंय? ती कुठल्या कुठे गेली." दुसऱ्यानं काकांचे जोडलेले हातच चित्रित केले. त्याचीही क्लिप झाली. आपल्यातले काही जण त्यावरही हसले.

तेव्हा काका माझ्या केबिनमध्ये आले. "मॅडम, तुम्ही एकदा सगळ्यांसमोर बोला. तुमचं ऐकतील." मी म्हणाले, "काका, चार दिवसांत विसरतील."

खरंच विसरले. दुसऱ्या कुणाची तरी क्लिप आली. पण तोवर मुलगी यायची थांबली होती. परीक्षेचा अर्ज घेऊन काका तिच्या घरी गेले. दारात आई होती. म्हणाली, "आमच्याशीही बोलत नाही हो. काही हवं असलं तर कागदावर लिहून देते." अर्ज कोरा परत आला.

परवा मी तिच्या आईला फोन करून आजचं आमंत्रण दिलं. काकांसाठी तरी येईल, वाटलं. मुलीनं आईला कागदावर लिहून विचारलं, "तिथं लोकांच्या हातात फोन असतील का?" मला खोटं बोलवेना. ती आलेली नाही.

काका केबिनमध्ये आले, त्याच्या कितीतरी आधी, स्पर्धेच्याच संध्याकाळी, शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर त्या मुलीची क्लिप मीच टाकली होती. सोबत हसरा चेहरा. काकांनी ती तिथंच पाहिली होती, हे मला महिन्याभरानं कळलं. तरी ते माझ्याकडे आले होते, आणि नंतरही त्यांनी कधी शब्दानं टोचलं नाही.

काका, तुमचे आभार मानायचा मला कितपत अधिकार आहे, ठाऊक नाही, तरी मानते. अध्यक्षांनी वेळ दिला, सभागृहानं ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण उदारपणे पोटात घालावं. बाकीच्याची क्षमा मात्र आपल्याकडे मागून उपयोग नाही.