सहा ओळींची हरकत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय मुख्य आयुक्त महोदय, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती उपायुक्त साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, करधोरण कार्यालयाच्या चारही मजल्यांवरचे अधिकारी आणि कर्मचारी, आणि मागच्या दाराला टेकून उभ्या असलेल्या आवक-जावक टेबलाच्या बाई, ज्यांनी मला "नीट बोल, तावातावाने बोलू नकोस" असं बजावून इथे पाठवलंय, त्या सगळ्यांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर 'नागरिकांच्या वतीने मनोगत' असं लिहिलंय. नागरिक कोण, ते मात्र लिहिलेलं नाही. पत्रिकेच्या प्रती माझ्याकडेच काढल्या, म्हणून मला माहीत. साडेतीन वाजले तरी नागरिक मिळेना, तेव्हा शिपाईमामा तळमजल्यावर माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले.

"कर भरतोस ना रे?"

"भरतो की."

"मग झालास नागरिक. शर्ट खोच आणि चल."

तर असा मी नागरिक. विद्वान नाही, पण ज्या केंद्रीय करविधेयकाबद्दल आत्ता अध्यक्षांनी वीस मिनिटं कौतुकाने सांगितलं, ते मी आपल्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त वेळा हाताळलंय. चारशे बारा वेळा. पुढून आणि मागून.

अध्यक्षांनी सांगितलं ते अगदी खरं. जुना कायदा नऊशे पानांचा होता. नवं विधेयक तीनशे पानांचं आहे. ही कामगिरी साहेबांची, म्हणून सगळं कार्यालय त्यांना प्रेमाने कात्रीसाहेब म्हणतं. साहेब, तुम्हाला हे माहीत नसेल तर आजच कळू दे, आज तुम्ही निवृत्त होताय, आता कुणाची बदली करू शकत नाही.

आता नऊशेची तीनशे झाली कशी? मी कागदाच्या धंद्यातला माणूस, मला पहिली शंका आली ती अक्षराची. जुन्या कायद्याचं अक्षर बारीक होतं, नव्याचं मुंगीएवढं आहे. दीड-दोनशे पानं तर नुसती त्यातच गेली! पेन्शनर मंडळी प्रत घेऊन दुकानाबाहेर जातात, उजेडात धरतात आणि परत येतात. "पोरा, जरा मोठं करून दे." मग मी एकशे एक्केचाळीस टक्क्यांवर मोठ्या कागदावर काढून देतो. कायदा लहान झाला, कागद मोठा झाला, माझा दर दुप्पट झाला. या करसुधारणेचा प्रत्यक्ष फायदा झालेला देशातला पहिला करदाता आपल्यासमोर उभा आहे.

बाकीची पानं मात्र साहेबांनी खरोखर कापली. त्यासाठी रात्रंदिवस मेहनत घेतली, हे वहिनी सांगतील. पण एक गंमत पाहा. स्वतःचं विमान बाळगणाऱ्यांच्या सवलतीला जुन्या कायद्यात अकरा पोटकलमं होती. नव्यातही अकराच आहेत. एक स्वल्पविराम हललेला नाही! आणि आमच्या गल्लीतला न्हावी, ज्याच्याकडे एकच खुर्ची आहे, तो परवा विचारत होता, "माझी खुर्ची नक्की कुठल्या कलमात बसते?" मी सगळं विधेयक चाळलं. ती कुठेच बसत नाही. तिच्यावर गिऱ्हाईक बसतं, तेवढंच.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळ पाहताय. मीही पाहतोय. मुद्द्यावर येतो.

मुद्दा आवक-जावकच्या बाईंचा आहे. हे मी त्यांच्या परवानगीने बोलतोय. म्हणजे साधारण परवानगीने. गेली दोन वर्षं माझं त्यांच्यावर प्रेम आहे. इमारतीत हे कुणाला माहीत नसेल असं वाटत नाही, कारण दिवसातून चार वेळा तिसऱ्या मजल्यावर कागद पोचवणारा झेरॉक्सवाला दुसऱ्या कुठल्या कार्यालयात नसेल. मागच्या पावसाळ्याच्या आधी मी सरळ विचारलं. शिक्का मारता मारता ती म्हणाली, "मलाही करायचंय रे लग्न. तुझ्याशीच. पण आईचं काय?"

तिच्या आईची फुप्फुसं निकामी होत आलीत. घरी ऑक्सिजनचं मशीन अठरा अठरा तास चालतं. विजेचं बिल, सिलिंडर, औषधं, हे सगळं एका कारकुनाच्या पगारात भागतं ते केवळ एका करसवलतीमुळे. अवलंबून असलेल्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्याची सवलत. नव्या विधेयकात तीही आहे, नाही असं नाही. फक्त व्याख्या सोपी केलीय. अवलंबून व्यक्ती म्हणजे करदात्याबरोबर एकाच छताखाली राहणारी व्यक्ती. संपलं. वाचायला किती सुटसुटीत! तिने लग्न करून घर सोडलं की आई कायद्याने तिची कुणी नाही.

मी म्हटलं, "मग मीच येतो तुमच्याकडे राहायला."

"खोली एक. त्यात आई, मी, कॉट आणि मशीन. तू कुठे झोपणार, मशीनवर?"

"आईंना माझ्याकडे आणू."

"दुकानामागच्या खोलीत? त्या टोनरच्या पावडरीत? तिला मारायचंय का?"

मी तसाच खाली आलो आणि जुना कायदा काढला. तिथे त्याच व्याख्येखाली सहा ओळी होत्या. लग्न, नोकरी किंवा उपचार यांमुळे वेगळी राहत असली, तरी करदाता जिचा खर्च करतो ती व्यक्ती त्याच्यावर अवलंबून समजावी. किचकट भाषा, दोनदा वाचावी लागते. पण ज्याने ती लिहिली त्याने कधीतरी कुणाची तरी आई पाहिली होती.

मग माझं डोकं फिरलं. विधेयक घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो, साहेबांच्या टेबलावर आपटलं आणि ओरडलो, "सोपं केलंत, पण कुणासाठी?" साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "आवाज खाली. हरकती मागवण्याची मुदत चालू आहे. विहित नमुन्यात लेखी द्या."

"नमुना कुठे मिळतो?"

"खाली. झेरॉक्सच्या दुकानात."

हसा, हसा. मी स्वतःकडूनच फॉर्म विकत घेतला, स्वतःला पैसे दिले आणि भरून तिसऱ्या मजल्यावर नेला. 'हरकतीचे कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं, प्रेम. तिने पेन माझ्या हातात दिलं. "सरकारी कागद आहे, वेडेपणा नको. खोड ते." मी खोडून 'अवलंबून व्यक्तीची व्याख्या' असं लिहिलं. तिने शिक्का मारला. हरकत क्रमांक एक हजार एकशे सहा. शिक्का जरा जास्त जोरात मारला, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, साहेबांच्या सहीचं. 'आपली हरकत विचारात घेण्यात आली असून ती विचारात घेण्यासारखी नाही.' मित्रहो, इतकं सोपं वाक्य अख्ख्या विधेयकात नाही.

आता जे सांगतो ते साहेबांनी सांगू नकोस म्हटलं होतं. साहेब, माफ करा.

मागच्या सोमवारी साहेब स्वतः दुकानात आले. हातात जुन्या कायद्याचं ते पान. म्हणाले, "मोठं करून दे." मी काढून दिलं. उभ्याउभ्याच त्यांनी ते वाचलं, बराच वेळ. मग म्हणाले, "या ओळी मी काढल्या."

"का?"

"शेवटच्या दिवशी सगळं जुळवलं तर पानं तीनशे एक होत होती. तीनशे एकाव्या पानावर नुसत्या सहा ओळी. वरच्यांना तीनशेचा शब्द दिला होता. कुठून तरी सहा ओळी काढायच्या होत्या."

"विमानाच्या अकरा कलमांतून काढायच्या!"

"त्यांच्या प्रत्येक ओळीमागे एक वकील बसला होता. या सहा ओळींसाठी कुणीही आलं नव्हतं."

मी त्यांच्यावर हात उगारला नाही, याची कृपया नोंद घ्यावी. मशीनचं झाकण आपटलं. काच तडकली, तेव्हापासून सगळ्यांच्या प्रतींवर आडवी रेघ येते, ती त्या सोमवारची. पण साहेब पळाले नाहीत. तडकलेल्या काचेकडे बघत म्हणाले, "आता तू आलास ना त्यांच्यासाठी. खुर्ची दे." आणि माझ्या दुकानात बसून त्यांनी दुरुस्तीच्या टिप्पणीचा कच्चा मसुदा लिहायला घेतला.

आज सकाळी ती टिप्पणी माझ्याकडेच टाइप झाली. अध्यक्ष महोदय, आत्ता ती आपल्या डाव्या कोपराखालच्या हिरव्या फाइलमध्ये आपल्या सहीसाठी थांबली आहे. सकाळी आपण 'पाहतो' म्हणालात. दुरुस्त्यांची यादी आज पाच वाजता संसदेच्या समितीकडे जाते आणि मुदत संपते. पाच वाजताच साहेब निवृत्त होतात. त्यानंतर त्या टिप्पणीला बाप उरणार नाही. मला समजतं, आपण वीस मिनिटं तीनशे पानांचं कौतुक केलंत, साहेबांना द्यायच्या त्या सन्मानाच्या ढालीवरही 'तीनशे' कोरलंय. पण एका पानाने कायदा अवघड होतो का हो? आणि एका पानाने जो न्याय देता येतो, तो न दिल्यामुळे जगणं किती अवघड होतं, ते कुठल्या तक्त्यात दाखवतात?

आता चार चाळीस झालेत. मी आटोपतं घेतलं असतं, पण साहेबांच्या गुणांविषयी अजून काहीच बोललो नाही. ते बरं दिसणार नाही. तर साहेब वक्तशीर आहेत. डबा एक वाजताच उघडतात. लिफ्ट चालू असली तरी जिन्याने जातात, आणि ती बंद असते तेव्हाही जिन्यानेच जातात. साहेबांचं अक्षर सुवाच्य आहे. साहेबांची सहीदेखील वाचता येते, हा गुण या इमारतीत... वहिनी, तुम्ही हसताय, म्हणजे खरं आहे. साहेबांनी आत्ता अध्यक्षांसमोर आपलं पेन ठेवलंय. टोपण काढून ठेवलंय. मी बघत नाहीये, बोलतोय. माझ्याकडे साहेबांचे अजून पुष्कळ गुण आहेत. साहेब छत्री कधी विसरत नाहीत. साहेब...

एक मिनिट. शिपाईमामांनी चिठ्ठी आणलीय, अध्यक्षांकडून. वाचतो. 'सही केली आहे. आता तरी बसा.'

नाही, टाळ्या नकोत, वेळ नाही. मागच्या दारात बघा, बाई तिथे नाहीत. जावकचा शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो. शिपाईमामांकडून फाइल घेऊन त्या जिन्यापर्यंत पोचल्यासुद्धा आणि मला हाताने तीन बोटं दाखवतायत. सही झालेल्या कागदाच्या तीन प्रती लागतात, आणि मशीनची किल्ली माझ्या खिशात आहे.

तेव्हा साहेब, आपल्याला पुढच्या आयुष्यासाठी मनापासून शुभेच्छा. अध्यक्षांचे, आयोजकांचे, मला नागरिक केल्याबद्दल शिपाईमामांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमीजास्त निघून गेलं असेल, तर लहान समजून पोटात घाला. आणि भाषण असं मध्येच टाकून पळतोय, त्याचीही माफी असावी. कॉलेजही मी असंच मध्येच सोडलं होतं. पण तेव्हा जिन्यात माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.