डंबेलला लावलेलं कुंकू

आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय? डॉक्टरांनी आमच्या रघूला बजावलं, "पोट उतरवा, नाहीतर साखरेची गोळी सुरू करतो. नुसतं पळून भागणार नाही, वजनंही उचला." रघूने डंबेल आणले. तीन महिने झाले तरी पोट जागच्या जागी.

"सकाळी बसवनगुडीच्या बागेत पळतो, दुपारी वजनं उचलतो. स्वल्प, थोडा वेळ लागतोच, आई!"

सून मात्र काहीच न करता बारीक होत चाललेली. बाई काही दुखणं लपवतेय की काय, ही मला वेगळीच धास्ती.

मी शाळा पाहिली नाही, पण डोळे मिटून दूध पिणारं मांजर ओळखते. डंबेलच्या मुठी लाल रबराच्या. एका सकाळी त्यांना कुंकू चोळून ठेवलं.

संध्याकाळी जेवताना रघू म्हणाला, "आज वीसदा उचलले."

त्याचे तळवे स्वच्छ! सून भात वाढायला वाकली, तर धुऊनही तिचे तळवे लाल.

"हे काय गं?"

"अत्ते," सून मला म्हणाली, "पळापळ तर पहाटेपासून तुमच्या लेकामागे होतेच. वजनंच उचलायची राहिली होती."

रघूने भातासाठी पुढे केलेलं ताट हळूच मागे घेतलं.