मुलाखतीआधी बिघडलेला लॅपटॉप

अहो, माझा शहाणपणा ऐका. दहाला ऑनलाइन मुलाखत, आणि मी नऊला लिनक्स अपडेट केलं! त्यात नवा कर्नल आला, म्हणजे लॅपटॉपचं इंजिनच म्हणा, आणि लॅपटॉप सुरूच होईना. नुसता काळा पडदा.

ढोकी गावाहून आलेले माझे काका मागं उभेच. "म्या म्हणलं व्हतं, चांगलं चाललंय त्याला हात लावू नगं!"

मी दातओठ खात लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि सुरू होताना दिसणाऱ्या यादीतला, राखीव ठेवलेला जुना कर्नल निवडला. दहाला दोन मिनिटं असताना लॅपटॉप उठला.

काका फुलले. "शेवटी जुनंच कामाला आलं का न्हाय?"

"आलं की. पण काका, ते बोलावल्याशिवाय मधी बोलत न्हाय."

काका दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "बरं, गप बसतो. पण मला यादीतनं काढू नगं बाई."