कुठलं विमान?

...आणि मला म्हणते, ‘बाबा, तुम्हाला बघता येत नाही.’ मला! एक्केचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली हो मी, डोळ्याला भिंग लावून! तिळाएवढा स्क्रू फरशीवर पडला तर गिऱ्हाईक हलायच्या आत उचलतो. नजर आहे माझी! पण ऐकते कोण? सून आमची विमान उडवायला शिकवते, छोटं, दोन माणसांचं, दारं आपल्या कपाटाच्या दारांएवढी... लग्नाला सहा वर्षं झाली, मी काही त्यात बसलो नव्हतो. बायको म्हणाली, ‘पोरगी इतकं बोलावतेय, जा की एकदा.’ स्वतः नाही गेली, हं! तिचे गुडघे दुखतात. विमान काय गुडघ्यांनी चालवायचंय?

तर बसलो. वर गेलो. मी आपला ऐटीत इकडून तिकडे बघतोय, तर ही म्हणते, ‘बाबा, पंख्यासारखी मान फिरवू नका. डोळा फिरत असतो तेव्हा त्याला काही दिसत नाही. आभाळाचे तुकडे पाडा, एका तुकड्यावर क्षणभर थांबा, मग पुढचा.’ बरं बाई. थांबलो. तर म्हणते, ‘आधी लांबचा डोंगर बघा. रिकाम्या आभाळात डोळे आपोआप जवळचं बघायला लागतात.’ आता माझे डोळे आयुष्यभर दोन बोटांवरच बघत आलेले, त्यांना डोंगराची कुठली सवय? पण नजर आहे माझी! बघितला डोंगर. शिवाय वर आणखी एक सांगितलं, ‘जे विमान काचेत सरकतं ते निघून जातं. जे एकाच जागी बसून राहतं, ते आपल्याकडे येत असतं.’ म्हटलं, चांगलं आहे, म्हणजे जो शांत बसलाय त्यालाच घाबरायचं. घरात तरी वेगळं काय असतं?

तुम्हाला सांगतो, पाच मिनिटं झाली नसतील, समोर जरा डावीकडे एक काळा ठिपका. मी म्हटलं, तुझ्या काचेवर किडा चिकटलाय, पुसत जा अधूनमधून. तिला काही दिसेना, तिच्या बाजूच्या खिडकीचा खांब मध्ये येत होता. पण तिचा आवाज बदलला.

‘बाबा, मान हलवून बघा. ठिपका काचेबरोबर सरकतो का?’

मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. किडा काचेवर असता तर डोंगरावरून घसरला असता की नाही? हा जागचा हलेना! त्या शिखरावरच बसलेला.

म्हटलं, ‘नाही गं. तिथेच आहे.’

ती पुढे वाकली, खांबाआडून बघितलं, आणि ओरडली वगैरे नाही हं, नुसतं म्हणाली, ‘धरून बसा,’ आणि विमान उजवीकडे असं कलवलं की माझं पोट डावीकडेच राहिलं. तोवर तो ठिपका स्क्रूएवढा होता तो चावीएवढा झाला, आणि मग एकदम... अख्खं विमान! दारात पाहुणा उभा राहावा तसं! डाव्या बाजूने गेलं, शेपटीवरचा लाल पट्टा मी मोजून घेतला असता, इतकं जवळून. सरळ गेलं. वळलंबिळलं काही नाही.

पुढचा अर्धा तास ती रेडिओवर बोलत होती, मी फक्त बघत होतो, तुकडे पाडून. उतरल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बसली. मग म्हणाली, ‘बाबा, मला दिसलंच नसतं.’ मी म्हटलं, अगं, नजर आहे माझी. पण ते नेहमीसारखं ठसक्यात आलं नाही.

तेवढ्यात ते लाल पट्टेवालं विमानही उतरलं. आतून माझ्याच वयाचे एक गृहस्थ उतरले, टोपी, हातात नकाशा, चेहरा कसा... देवमाणूस! मी तडक गेलो. म्हटलं, ‘अहो, डोंगराजवळ आपण थोडक्यात वाचलो. तुम्ही बघत काय होता?’

त्यांनी नकाशाची घडी घातली, माझ्याकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, ‘कुठलं विमान?’

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी सुनेबरोबर वर जातो. सून म्हणते, बाबांना गोडी लागली. बायको म्हणते, म्हातारचळ. म्हणू दे. काय करणार... ते गृहस्थही दर रविवारीच उडतात.