सेवास्तीबाईंचा वर्ग

(पौडजवळ सारजाबाईंची ओसरी. सोबत नात गौतमी आणि वरच्या खोलीतली भाडेकरू जुईली. उद्या शाळेत सावित्रीबाईंची जयंती, मुली वेशभूषा करून स्टेजवर येणार.)

सारजाबाई : माझं लुगडं दरसाली सावित्रीबाईच नेसती. तुमच्या त्या परदेशी बाईला न्हाई द्यायची मी.

जुईली : आजी, सेवास्ती किरियाझी नाव तिचं. तिकडे युरोपात, अल्बानियात तिनं मुलींची शाळा काढली.

सारजाबाई : काढली असंल. हितं वळकतंय कोण तिला?

गौतमी : म्हनून तर! आमच्या वर्गातल्या समद्या पोरी सावित्रीबाई झाल्यात. बाई म्हनल्या, एकीनं तरी दुसरं कुनी व्हावं.

सारजाबाई : आन त्यात माझीच नात गावली?

गौतमी : मीच हात वर केला.

जुईली : तिथं तुर्कांचं राज्य होतं, आजी. तिथल्या लोकांच्या स्वतःच्या भाषेतून शिकवायला बंदी. लोक पुस्तकंसुद्धा लपवून ठेवायचे. तरी हिनं मुलींना शिकवलं.

सारजाबाई : आन घरच्यांनी सोडलं?

जुईली : थोरला भाऊ पाठीशी होता.

सारजाबाई : नशीब काढलं. माझ्या थोरल्यानं मला म्हशी दिल्या राखाया. त्यो शाळंत, मी वढ्याला. म्हशी मातुर लई हुशार निघाल्या.

गौतमी : हसू नको, आज्जी. मला शाळा भरलेली दाखवायचीय, पन वर्गात बसायला कुनीच न्हाई. जिला तिला बाईच व्हायचंय. मी नाव काढून टाकते.

जुईली : मी बसले असते गं, पण उद्या हिंजवडीला जावंच लागणार. सुट्टी मिळत नाहीये.

सारजाबाई : नाव बिव काढायचं न्हाई. जुईली, लुगड्याचा पायघोळ झगा हुईल का?

जुईली : न कापता होईल. नुसते टाके घालते. पण वर्गाचं काय?

सारजाबाई : म्हातारी चालंल का वर्गात?

गौतमी : तू? स्टेजवर?

सारजाबाई : खाली बसाया काय लागतंय? हसंनात का लोक. शाळंची लई हौस व्हती मला. हजेरीत माझं नाव कुनी कदी घेतलं न्हाई, तू घे.

गौतमी : मग आत्ताच तालीम करू. सारजा!

सारजाबाई : हितंच हाय की.

गौतमी : असं न्हाई. उभं ऱ्हायचं आन 'हजर' म्हनायचं.

सारजाबाई : थांब, पदर नीट घेऊ दे... हजर, बाई.