खुशालरावांची शिट्टी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, महिला मंडळाच्या आदरणीय रागिणीताई; वाहिनीचे संचालक, सन्माननीय किशोरजी; मंचावर चौथ्या खुर्चीवर बसलेले, ‘ठोका थाळी’ या आपल्या कार्यक्रमाचे नवे सूत्रसंचालक, आयुष्मान स्वप्निलभाऊ; जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती सत्कारमूर्ती, आमची दामिनीताई; आणि अमरावती, अकोला, भातकुली, तिवसा, पातूर अशा चारी दिशांनी आलेल्या माझ्या मायबाप प्रेक्षकहो,

बोलण्याआधी एक छोटासा हिशेब मांडू द्या. दुकानदार माणूस आहे, सवय जात नाही. पत्रिकेवर छापलंय, ‘निरोप समारंभ, वाहिनीतर्फे’. हा हॉल महिला मंडळाचा, भाडं माफ. झेंडूची फुलं तिवस्याच्या प्रेक्षकांनी आणली. बाहेरचा चहा-चिवडा पातूरच्या ताहेरभाईंचा. माइक, भोंगे, वायरी माझ्या. राहिली ही शाल. ती वाहिनीनं आणली, नाही कशाला म्हणू? म्हणजे वाहिनीला आजचा समारंभ एका शालीत पडला. आणि आपल्याला ही शाल केवढ्याला पडली? एका दामिनीताईला.

टाळ्या नंतर वाजवा. आज मी खुशीत बोलायला उभा नाही.

नव्या मंडळींसाठी सांगतो, मी गोवर्धन. अकोल्याच्या बसस्थानकासमोर हातगाडीवर ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचो. आज देवाच्या दयेनं अकोल्यात एक आणि अमरावतीत एक, अशी साउंडची दोन दुकानं आहेत. शाळेनं मला नववीत सोडलं, पण कान शाबूत ठेवले. चार भोंगे लागलेल्या मांडवामागून जाताना कोणता फाटलाय, ते मी न बघता सांगतो. ‘ठोका थाळी’चा आवाज पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता. म्हणून बोलण्याचा हक्क सांगतो.

समारंभ पाचचा होता. संचालक साहेब स्वप्निलभाऊंना घेऊन साडेसहाला आले. मोठी माणसं, चालायचंच. पण आल्याबरोबर त्यांनी जे भाषण केलं, ते तुम्ही ऐकलंत. काय म्हणाले? “आज रात्री आठ वाजता, नव्या रूपातलं ‘ठोका थाळी’, पुण्याच्या आमच्या काचेच्या स्टुडिओतून, शंभर टक्के थेट! वऱ्हाडानं आजवर असं थेट पाहिलं नसेल!” आपल्याला दाखवायला हा एवढा मोठा टीव्हीही त्यांनी मंचाशेजारी आणून ठेवला. साहेब, थेट म्हणजे काय, हे या हॉलला शिकवायला निघालात?

आमचं थेट कसं होतं, सांगतो. एक शुक्रवार अकोला, एक शुक्रवार अमरावती. दोन जोड्या समोरासमोर. प्रत्येकीपुढं एक पितळी थाळी, हातात पळी. ज्याला उत्तर येईल त्यानं थाळी ठोकायची. सुरुवातीला दामिनीताई कॅमेऱ्यात बघून म्हणायची, “आत्ता, या क्षणी, थेट तुमच्यासमोर!” आणि ते खरं असायचं. पहिल्याच कार्यक्रमात हॉलची लाइन गेली. चित्र गेलं, आवाज राहिला, कारण आवाज माझ्या बॅटरीवर होता. घरोघरी टीव्हीवर नुसता अंधार आणि अंधारात दामिनीताई प्रश्न विचारून राहिली! दोन्ही जोड्यांनी अंधारात एकमेकांच्या थाळ्या ठोकल्या. तिवस्याची बाई ओरडली, “माह्या बोटावर कोन मारलं रे?” ताई शांतपणे म्हणाली, “ज्यानं मारलं त्यानं उत्तर द्या.” दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजारात तेवढंच वाक्य चालू होतं.

आणि आपली ती रीत आठवते का? हरणाऱ्याचा सवाल! जिंकणारा बक्षीस नेणार, पण हरणारा जाता जाता ताईला एक प्रश्न विचारणार. कुठलाही. ताईला उत्तर आलं नाही, तर थाळी हरणाऱ्याची. असा कार्यक्रम कुठं होता? हरलेल्याचं तोंड टीव्हीवर कोण उघडू देतं?

ताहेरभाई, जरा उभे राहा. लाजू नका. यांचं पातुरात सायकलचं दुकान. हरले, पळी खाली ठेवली आणि विचारलं, “ताई, तुमी दर शुक्रवारी आमाले विचारता. तुमाले कोनी विचारते का, जेवल्या का म्हनून?”

माझ्या कानाला हेडफोन होता, मला ताईचा श्वास ऐकू येत होता. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, हो जेवले, धन्यवाद, वेळ झाली. ताई म्हणाली, “नाही जेवले, ताहेरभाई. सकाळपासून नाही.”

उत्तर बरोबर होतं, म्हणजे नियमानं ताहेरभाई दुसऱ्यांदा हरले. तरी ताईनं थाळी त्यांना दिली. पुढच्या शुक्रवारी यांच्या घरच्या गुलनारभाभींनी पातूरहून डबा पाठवला, आणि मग डबे थांबलेच नाहीत. माझंही वजन त्यातच वाढलं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. बाई कॅमेऱ्यापुढं जेवणाबद्दलसुद्धा खोटं बोलली नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

मग वाहिनी विकली गेली आणि किशोरजी आले. आल्या आल्या थाळी गेली. का? तर कानाला बोचते. तिच्या जागी बटण आलं, दाबलं की बदकासारखं ओरडणारं. बरं, बटण तर बटण. मग ताईला सांगितलं, ‘मले-तुले’ बंद, शुद्ध बोला. ती तेही शिकली. मग हरणाऱ्याचा सवाल गेला. वेळ पुरत नाही म्हणे! खरं कारण या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. भातकुलीच्या एका हरलेल्या गड्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, “मांगच्या मैन्यात माह्या साळ्यानं फवारनीचा पंप जिंकला, तो अजून काहून नाई आला?” ताईला उत्तर येत नव्हतं. तिनं अडगळीत टाकलेली जुनी थाळी उचलून त्याच्या हातात दिली. साहेबांनी त्याच रात्री सवाल बंद केला. पंप? पंप अजून नाही आला.

शेवटी प्रेक्षक गेले. तुम्ही. तुम्हाला आणायचं, बसवायचं, चहा पाजायचा, कोण करणार? कार्यक्रम मंगळवारी रिकाम्या खोलीत रेकॉर्ड व्हायला लागला आणि शुक्रवारी दाखवायला लागले. कोपऱ्यात लाल ठिपका आणि ‘थेट’ ही अक्षरं तशीच ठेवून. टाळ्यांचं काय केलं? वाहिनीबरोबर माझ्या जुन्या टेपाही विकल्या गेल्या होत्या. त्यातल्या तुमच्या टाळ्या कापल्या आणि चिकटवल्या.

रागिणीताई, चिठ्ठी मिळाली. ‘आवरते घ्या.’ अक्षर तुमचं दिसत नाही, किशोरजींचं दिसतं. आवरतो साहेब. आमची अर्धी संध्याकाळ तुमची वाट बघण्यात गेली, त्यातली पाच मिनिटं परत द्या.

आता जे सांगतो, ते समोर बसलेल्या आशाबाईंना विचारूनच सांगतो. त्यांचे यजमान खुशालराव, भातकुलीचे. एकही शुक्रवार चुकला नाही त्यांचा. ज्वारीवरची पाखरं उडवून उडवून त्यांची शिट्टी अशी तयार झाली होती, की माइकची गरज नाही. समोरचा एक दात नव्हता, म्हणून ती अर्ध्यात तुटायची आणि पुन्हा वर चढायची. अशी शिट्टी दुसऱ्या कोणाची नव्हती. मागच्या उन्हाळ्यात खुशालराव गेले. आम्ही सगळे मातीला होतो.

पावसाळ्यातला एक शुक्रवार. ताई माझ्या अकोल्याच्या दुकानात बसली होती. समोर टीव्हीवर तिचाच मंगळवारचा कार्यक्रम सुरू. कोणीतरी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्यांत शिट्टी. तुटली, पुन्हा चढली. मी हातातला पाना खाली ठेवला. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तिनं स्पीकरवर घेतला.

“दामिनीबाई, मी भातकुलीवरून आशा बोलून राहिली.”

“बोला ना काकू.”

“आमचे हे तुमच्याकडं येऊन बसले काय वं?”

ताईनं उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

“येडी नाई झाली मी. मले समजते सारं. पन शिट्टी त्याईचीच हाय न? तुमी म्हनल्या थेट, आत्ताच्या आत्ता. मंग म्या भाकर जास्तीची टाकली. इतकंच इचारासाठी फोन केला.”

किशोरजी, तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल, असं मी म्हणणार नाही. ताईनं सांगितलं होतं. तुमच्या केबिनमध्ये, माझ्यासमोर. तुम्ही मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणालात, “लोकांना काय फरक पडतो? दामिनीजी, एक शब्द तर आहे.”

ती म्हणाली, “माझ्याजवळ तेवढाच होता.”

पुढच्या मंगळवारी दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला, आणि ती म्हणाली, “नमस्कार. आज मंगळवार आहे. समोर कोणी बसलेलं नाही. तुम्हाला ज्या टाळ्या ऐकू येतील, त्या जुन्या आहेत.” कॅमेरा बंद केला गेला. तिनं दुसऱ्यांदा तेच म्हटलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तिला घरी पाठवलं.

आणि पत्रिकेवर काय छापलं? ‘आवाज बसल्यामुळे, प्रकृतीच्या कारणास्तव, स्वेच्छेने निवृत्ती.’ राजकमल चौकात लोक मला अडवून विचारतात, काहून हो गोवर्धनभाऊ, बाईचा आवाज गेला म्हनते? गेल्या महिन्यात तिला एका शाळेनं स्नेहसंमेलनाला बोलावलं होतं. ही बातमी ऐकून त्यांनी बोलावणं परत घेतलं. आवाजावर पोट असलेल्या बाईचा आवाजच गेला असं छापायचं, आणि वर शाल पांघरायची? घसा झाकायला का? आजच्या कार्यक्रमपत्रिकेत सत्काराला उत्तरसुद्धा ठेवलं नाही! सत्कारमूर्तीनं उत्तर द्यायचं नाही, असा निरोप समारंभ मी पहिल्यांदा पाहतोय. मयतीतसुद्धा कोणी ना कोणी बोलतं हो!

मी इतकी वर्षं तिचा आवाज कानाला लावून बसलो आहे. सर्दीतला ऐकला, उपासातला ऐकला, तिच्या वडिलांना दवाखान्यात ठेवून आली होती तो ऐकला. त्या आवाजाला काहीही झालेलं नाही. पाहिजे तर मी कोर्टात उभा राहून सांगेन. पण कोर्टाची गरज नाही. माझं दुकान आहे, माइक माझा आहे, आणि आज मी तो तिच्या हातात देणार आहे.

त्याआधी आभार. महिला मंडळाचे, हॉल दिल्याबद्दल. तिवसेकरांचे, फुलांबद्दल. ताहेरभाई आणि गुलनारभाभींचे, चिवड्याबद्दल आणि जुन्या सगळ्या डब्यांबद्दल. आशाबाईंचे, त्या आल्या म्हणून. किशोरजींचे, शालीबद्दल. स्वप्निलभाऊ, तुमच्यावर माझा राग नाही. नवी नोकरी आहे, समोर लिहून दिलं ते वाचावं लागतं. फक्त एक दिवस तुम्हालाही कोणाचा तरी फोन येईल, तेव्हा तो घ्या. माझ्या बोलण्यात कुठं खरखर झाली असेल, कुठं आवाज जास्त चढला असेल, तर दोष माझ्या मशिनीचा धरा आणि मला मोठ्या मनानं सोडून द्या.

ताई, ये. हा घे माइक. सुरू आहे. काय बोलायचं ते तुझं तू ठरव, किती वेळ बोलायचं तेही.

ती येतेय तोवर, गोपाल, तो टीव्ही लाव रे. आठ वाजून दहा मिनिटं झाली. संचालक साहेबांनी एवढ्या हौसेनं आणलाय, न बघता कसं चालेल? आवाज वाढव. हां. बघा मंडळी, काय सुंदर काचेचा स्टुडिओ आहे. कोपऱ्यात लाल ठिपका, शेजारी ‘थेट, पुणे’. बटण वाजलं. टाळ्या. आशाबाई, बसा, बसा, शिट्टी मलाही ऐकू आली. आणि आता पडद्यावरचा तो नवा सूत्रसंचालक कॅमेऱ्यात बघून काय म्हणतोय, ऐका: “आत्ता, या क्षणी, थेट तुमच्यासमोर!”

स्वप्निलभाऊ साडेसहापासून इथं अमरावतीत, चौथ्या खुर्चीवर बसलेले आहेत.